चोर पलीकडे पळाला, पोलीस सीमेवर थांबले: मग पुढे काय होतं?

बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या मधून म्यूज नावाची नदी वाहते. मोठी जहाजं जावीत म्हणून १९६० नंतर तिची वळणं काढून पात्र सरळ केलं आणि त्यात एक गंमत झाली, नदी सरकली पण सीमा जुन्या पात्रावरच राहिली. त्यामुळे बेल्जियमच्या जमिनीचा एक तुकडा नदीच्या पल्याड, नेदरलँड्सला चिकटून राहिला. तिथे पायी जायचं तर डच जमिनीवरूनच जावं लागायचं. झाडी, पाणी, निवांत जागा, मग काय, रात्रीच्या पार्ट्या, ड्रग्ज, नको ते सगळे धंदे. डच पोलीस तिकडे फिरकायचे नाहीत कारण ती त्यांची जमीनच नाही, आणि बेल्जियमच्या पोलिसांना यायला धड वाट नाही.

मग एक दिवस तिथे शीर नसलेलं प्रेत सापडलं. आता तपास करायचा बेल्जियमने. पण वर्दी घालून, पिस्तूल लावून डच जमिनीवरून चालत जायचं तर परवानगी पाहिजे, म्हणून सरकारी वकील, डॉक्टर, लॅबवाले आणि सगळं सामान होडीतून नदीपार न्यायचं, पुन्हा आणायचं, अशा फेऱ्या झाल्या. बरं हे दोन्ही देश असे की साधा माणूस पासपोर्ट न दाखवता इकडून तिकडे फिरायला जातो. कुत्र्याला फिरवणारा आरामात सीमा ओलांडतोय आणि खुनाचा तपास करणारा पोलीस होडी शोधतोय!

शेवटी दोघांनी हिशोब मिटवला. २०१६ मध्ये करार केला आणि १ जानेवारी २०१८ पासून बेल्जियमने साधारण १४ हेक्टर जमीन दिली, बदल्यात ३ हेक्टर घेतली. भांडण नाही, युद्ध नाही, मुख्य अडचण पोलिसांना जाता येत नाही ही.

बातम्यांमध्ये आपण रोज वाचतो, अमका परदेशात पळाला, तमक्याविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस काढली, शेजारी देशाकडे प्रत्यार्पणाची मागणी केली. आणि खाली कमेंट ठरलेली: "अरे कुठे आहे ते माहितीये ना, मग जाऊन उचला की." म्हणूनच हा लेख, की जाऊन उचलता का येत नाही, आणि मग दोन देशांचे पोलीस मिळून करतात तरी काय.

सीमा नेमकं काय अडवते?

पोलिसाकडे काय असतं? वर्दी, गाडी, हत्यार. पण खरी गोष्ट दिसत नाही ती, अधिकार. तुम्हाला थांबवायचा, झडती घ्यायचा, हातकडी घालायचा अधिकार त्याला त्याच्या देशाच्या कायद्याने दिलेला असतो आणि त्या कायद्याची हद्द सीमेपाशी संपते. एक पाऊल पुढे टाकलं की कायद्याच्या नजरेत तो एक टुरिस्ट, तोही हत्यार घेऊन आलेला, म्हणजे उलट त्यालाच आत टाकता येईल असा.

१९२७ मध्ये त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लोटस नावाच्या फ्रेंच बोटीच्या खटल्यात हे स्पष्ट लिहून ठेवलंय, की परवानगी देणारा नियम नसेल तर एका देशाने दुसऱ्याच्या भूमीवर आपली सत्ता कोणत्याही रूपात वापरायची नाही. यालाच सार्वभौमत्व म्हणतात. जड शब्द आहे, पण घरगुती अर्थ इतकाच की शेजाऱ्याच्या घरात तुमची हरवलेली वस्तू खिडकीतून दिसत असली तरी कडी तोडून आत जायचं नाही, बेल वाजवायची.

आणि बेल न वाजवता गेलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. १९८५ मध्ये मेक्सिकोत अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या एका अधिकाऱ्याला हालहाल करून मारलं. त्यात एका मेक्सिकन डॉक्टरचा हात आहे असा अमेरिकेचा संशय होता. १९९० मध्ये पैशाचं आश्वासन देऊन माणसं लावली, त्यांनी डॉक्टरला त्याच्या दवाखान्यातून उचललं, विमानात घातलं आणि अमेरिकेत आणून सोडलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अपहरण करून आणलं असलं तरी खटला चालवता येईल, कारण दोन देशांच्या करारात "अपहरण करू नये" असं कुठे लिहिलेलं नाही. (कराराच्या कागदात हे लिहावं लागतं, ही कल्पनाच बघा.) मेक्सिको भडकला, अमेरिकन एजंटांचं आपल्याकडचं काम काही काळ थांबवलं आणि नंतर त्यांच्यावर कडक नियम लावले. आणि त्या डॉक्टरचं? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडून दिलं. एक माणूस उचलला, तो सुटला, आणि शेजाऱ्याबरोबरचं सगळं काम बिघडलं ते वेगळंच.

पण इंटरपोल आहे ना?

मलाही बरीच वर्षं वाटायचं की इंटरपोल म्हणजे जगाचे पोलीस, काळ्या गाड्यांतून येतात, कुठेही घुसतात. तसं काहीच नाहीये. इंटरपोलकडे अटक करणारे पोलीस नाहीत, कोठडी नाही. १९२३ मध्ये व्हिएन्नामध्ये सुरू झालेली ही संस्था आता फ्रान्समधल्या लिऑन शहरातून चालते, १९६ देश सदस्य आहेत, आणि तिचं मुख्य काम निरोप पोचवणं. खूप महत्त्वाचं काम आहे हे, पण आहे निरोप्याचंच. प्रत्येक देशात तिचं एक खातं असतं, भारतात ते काम सीबीआय बघते. राज्याच्या पोलिसांना इंटरपोलकडे जायचं तर सीबीआयमार्फतच जावं लागतं आणि तो पत्रव्यवहार लवकर व्हावा म्हणून जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल नावाचं पोर्टल सुरू केलं.

मग रेड कॉर्नर नोटीस काय असते? कोपऱ्यात लाल खूण असलेलं विनंतीपत्र समजा. एका देशाने इतर सगळ्यांना सांगितलेलं असतं की हा माणूस आम्हाला हवाय, दिसला तर शोधून ठेवा, जमल्यास तात्पुरती अटक करा, प्रत्यार्पणाचे कागद आम्ही पाठवतो. यात "जमल्यास" हा शब्द महत्त्वाचा. या नोटीशीला किती किंमत द्यायची हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. काही देश ती पाहून अटक करतात, काही नुसती नोंद घेतात. म्हणून "नोटीस निघूनही तो तिकडे मजेत फिरतोय" यात आश्चर्य काही नाही. बाकीही रंग आहेत, हरवलेल्या माणसासाठी पिवळी, ओळख न पटलेल्या मृतदेहासाठी काळी, माहिती हवी असेल तर निळी, आणि २०२५ पासून गुन्ह्यातला पैसा आणि मालमत्ता शोधायला चंदेरी, ती प्रयोग म्हणून सुरू केली.

फोनवर सांगितलेलं कोर्टात चालत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात, म्हणून जरा सावकाश.

दोन देशांच्या पोलिसांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची देवाणघेवाण होते. एक माहिती, दुसरा पुरावा. माहिती म्हणजे "ती पांढरी व्हॅन आज रात्री तुमच्याकडे येतेय, लक्ष ठेवा." हे एक अधिकारी दुसऱ्याला सांगू शकतो, आणि चांगले संबंध असतील तर दहा मिनिटांत काम होतं. पण ही माहिती कोर्टात पुरावा म्हणून ठेवता येईलच असं नाही. आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की बँकेचा हा कागद तुम्हाला मिळाला कुठून, कुणाच्या हुकुमाने, तिथल्या कायद्याप्रमाणे मिळवला का. तिथे "अहो तिकडच्या साहेबांनी पाठवला" हे उत्तर नाही चालत.

पुरावा हवा तर औपचारिक रस्ता. तपास करणारा अधिकारी कोर्टाकडे जातो, कोर्ट विनंतीपत्र काढतं, ते मंत्रालयात जातं, तिथून परराष्ट्र खातं किंवा थेट समोरच्या देशाचं ठरलेलं कार्यालय, तिथे भाषांतर, तिथल्या कायद्यात बसतं का याची तपासणी, मग तिथलं कोर्ट, मग तिथला पोलीस, आणि शेवटी तो बँकेत जाऊन कागद मागतो. मग सगळं उलट्या दिशेने परत. यासाठी देशांमध्ये परस्पर कायदेशीर मदतीचे करार असतात, करार नसेल तर "आज तुम्ही करा उद्या आम्ही करू" अशा भरवशावर काम चालतं. महिने लागतात, कधी वर्षं. तोपर्यंत मोबाईल कंपनीने जुने रेकॉर्ड पुसलेले असतात, सीसीटीव्हीवर दुसरं रेकॉर्डिंग चढलेलं असतं, पैसे तिसऱ्या देशात गेलेले असतात.

युरोपियन युनियनने यावर एक उपाय काढला, मे २०१७ पासून त्यांच्यातल्या बहुतेक देशांत एका ठरलेल्या फॉर्मवर पुरावा मागता येतो, समोरच्याने ३० दिवसांत हो-नाही सांगायचं आणि पुढच्या ९० दिवसांत काम करून द्यायचं. ऐकायला साधं वाटतं, पण मुदत ठरवणं हीच मोठी गोष्ट आहे, कारण आधी विनंती टेबलावर पडून राहिली तर विचारणारं कुणी नव्हतं.

चोर समोर पळतोय आणि सीमा आली

आता सगळ्यांच्या आवडीचा भाग. पोलिसांची गाडी मागे, चोरांची पुढे, आणि बोर्ड दिसतो की इथून दुसरा देश. ब्रेक मारायचा का?

जगात बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, हो. पण पश्चिम युरोपात सीमेवरची चौकी काढून टाकायची ठरली तेव्हा हा प्रश्न आलाच, की चोराला मोकळा रस्ता आणि पोलिसाला भिंत असं कसं चालेल. म्हणून १९९० च्या शेंगेन करारनाम्यात कलम ४१ घातलं, पाठलागाचं. १९९५ पासून ते प्रत्यक्षात आलं. हे कलम वाचण्यासारखं आहे, कारण प्रत्येक ओळीत दोन देशांचा थोडा विश्वास आणि बराच संशय दिसतो.

समजा एक गाडी पाठलाग करत सीमेवर आली. पहिली अट, माणूस मोठा गुन्हा करताना रंगेहाथ सापडलेला किंवा कोठडीतून पळालेला पाहिजे, नो पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याच्या मागे नाही जाता येत. दुसरी, सीमा ओलांडतानाच, उशिरात उशिरा त्या क्षणी, पलीकडच्या पोलिसांना वायरलेसवर कळवायचं की आम्ही आत येतोय. त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं, का वगैरे विचारायचं नाही. पोलीस आहोत हे दिसलं पाहिजे, वर्दी, दंडावर पट्टी किंवा गाडीवर खूण. हत्यार जवळ ठेवता येतं पण स्वतःचा जीव वाचवायलाच वापरायचं. आणि चोर एखाद्याच्या घरात शिरला तर? दारात उभं राहायचं. आत जायचं ते स्थानिक पोलीस आल्यावर, त्यांनी.

किती लांब जायचं हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलं. जर्मनीने अंतराची मर्यादाच ठेवली नाही. काहींनी १० किलोमीटर सांगितलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ५० किलोमीटर किंवा दोन तास असं ठरलं होतं. पकडायचा अधिकारही सगळ्यांनी दिला नाही, काही ठिकाणी पाहुण्या पोलिसाने फक्त नजर ठेवायची, हात स्थानिकाने लावायचा.

माझी आवडती अट सहा तासांची. पकडलेला माणूस त्या देशाचा नागरिक नसेल आणि त्याच्या अटकेची रीतसर विनंती आली नाही तर सहा तासांत त्याला सोडायचं, मात्र मध्यरात्र ते सकाळी नऊ हा वेळ त्यात मोजायचा नाही! कराराला बसलेल्या कुणालातरी ऑफिसं कधी उघडतात हे पक्कं माहीत असणार.

गुपचूप नजर ठेवायचं असेल तर वेगळं कलम, ४०. एरवी आधी परवानगी लागते, पण घाई असेल तर न विचारता मागे जाता येतं, मात्र सीमा ओलांडताना लगेच कळवायचं आणि पाच तासांत परवानगी आली नाही तर माणूस डोळ्यासमोर असला तरी सोडून परत फिरायचं. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग या तिघांनी तर १ ऑक्टोबर २०२३ पासून आपला वेगळा करार लागू केलाय, त्यात हे नियम अजून सैल आहेत.

एकाच खोलीत बसलं की काम लवकर होतं

कागदाचा प्रवास कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माणसंच शेजारी बसवायची. युरोपात सीमेजवळ अशी संयुक्त केंद्रं आहेत. लक्झेंबर्गमधल्या एका केंद्रात लक्झेंबर्ग, बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी अशा चार देशांचे अधिकारी बसतात. प्रत्येकाच्या समोर आपापल्या देशाचा कॉम्प्युटर. फ्रेंच पोलिसाला एका जर्मन नंबरप्लेटची गाडी कुणाची आहे हे हवंय, तर तो जर्मन सहकाऱ्याला विचारतो. जर्मन अधिकारी आपल्या कायद्यात बसतं का बघतो, आपल्याच सिस्टीममध्ये शोधतो आणि जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. म्हणजे फ्रेंच माणसाचा हात जर्मन डेटाबेसला लागलेलाच नसतो. सार्वभौमत्वही शाबूत, कामही झालं.

पाण्यावर याहून भारी प्रकार आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये मोठी तळी, नद्या आणि समुद्र आहे, पाण्यावर रेघ कुठे दिसते? तस्कर बोटीचं तोंड वळवून दोन मिनिटांत दुसऱ्या देशात. म्हणून २००९ मध्ये दोघांनी करार केला, त्याला शिपरायडर म्हणतात. एकाच गस्ती बोटीवर दोन्ही देशांचे अधिकारी. बोट कॅनडाच्या पाण्यात असेल तर कॅनडाचा कायदा आणि कॅनेडियन अधिकाऱ्याचा हुकूम, अमेरिकेच्या पाण्यात शिरली की उलट. बोट तीच, माणसं तीच, फक्त कॅप्टन कुणाचं ऐकणार ते बदलतं. मला हे डोकॅलिटीचं काम वाटतं, कारण अधिकाराचा प्रश्न टाळला नाही, बोटीवर सोबतच घेतला.

तिसरा प्रकार संयुक्त तपास पथकाचा. युरोपात याचा कायदा २००२ चा. दोन किंवा जास्त देश एका प्रकरणापुरता करार करतात, इतक्या काळासाठी आपण एक टीम, आणि टीममधल्या एकाने आपल्या देशात मिळवलेला पुरावा दुसऱ्याला दर वेळी विनंतीपत्र न काढता वापरता येतो. मघाशी सांगितलेला तो लांबलचक रस्ता इथे लागत नाही.

हे का लागतं ते एका घटनेवरून कळेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये एका ट्रकच्या बंद कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मेलेली सापडली. ती कंटेनरमध्ये चढली फ्रान्समध्ये. कंटेनर बोटीवर चढला बेल्जियमच्या बंदरात. उतरला इंग्लंडमध्ये. तिथून तो घेऊन जाणारा ड्रायव्हर उत्तर आयर्लंडचा. आता इंग्लंडच्या पोलिसांनी एकट्याने तपास केला असता तर त्यांना दिसला असता फक्त शेवटचा तास. फ्रान्सला दिसला असता एक टॅक्सी घेऊन आलेला घोळका. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा, चित्र कुणाकडेच नाही. संयुक्त पथक झालं आणि पुढे ब्रिटन, बेल्जियम, फ्रान्स तिन्हीकडे शिक्षा झाल्या.

दुसरं उदाहरण एन्क्रोचॅटचं. गुन्हेगार जास्त करून वापरायचे तो सांकेतिक मेसेजिंगचा फोन. सर्व्हर फ्रान्समध्ये होते, वापरणारे बरेच नेदरलँड्समध्ये. एप्रिल २०२० मध्ये दोघांचं पथक झालं, फ्रेंच पोलिसांनी सिस्टीममध्ये शिरकाव केला आणि मेसेज जवळजवळ लिहिले जात असतानाच वाचले. युरोपोलने, म्हणजे युरोपियन युनियनच्या पोलीस सहकार्य संस्थेने, २०२३ मध्ये सांगितलेला आकडा आहे साडेसहा हजारांच्या वर अटका. त्या पुराव्यावर बऱ्याच देशांत कोर्टात भांडणंही झाली, की एका देशाने हॅक केलेलं दुसऱ्याने वापरायचं का. प्रश्न रास्त आहे.

माणूस सापडला, मग द्यायला इतका वेळ का?

प्रत्यार्पण म्हणजे पळून आलेल्या माणसाला खटल्यासाठी किंवा शिक्षा भोगायला मागणाऱ्या देशाच्या ताब्यात देणं. यात समोरचा देश काही गोष्टी तपासतो. ज्या कृत्यासाठी मागताय ते दोन्हीकडे गुन्हा आहे का? तुमच्याकडे गुन्हा आणि आमच्याकडे नाही, तर आम्ही का द्यावा. मग, ज्या गुन्ह्यासाठी नेताय त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवणार ना, नेल्यावर भलतीच कलमं नाही ना लावणार? आणि तिसरं, फाशी देणार का? फाशी रद्द केलेले बरेच देश लेखी हमी मिळाल्याशिवाय माणूस देतच नाहीत.

हे सगळं अबू सालेमच्या प्रकरणात बघायला मिळालं. पोर्तुगाल काही आपला शेजारी नाही, पण नियम तेच. २००५ मध्ये पोर्तुगालने त्याला दिलं ते फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही या हमीवर. नंतर भारतात जास्तीची कलमं लावली म्हणून पोर्तुगालच्या कोर्टांनी प्रत्यार्पणच रद्द ठरवलं, तोवर तो इकडे आलेला होता ही गोष्ट निराळी. आणि २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिलेला शब्द पाळायचा, २५ वर्षं झाली की सोडायचं. काहींना राग आला. पण हा शब्द मोडला तर पुढच्या वेळी कुठला देश आपल्या हमीवर माणूस देईल?

वेळेचा फरक बघायचा तर ब्रिटन. पॅरिसच्या बॉम्बस्फोटांतल्या एका आरोपीला लंडनमध्ये १९९५ ला पकडलं आणि फ्रान्सला दिलं डिसेंबर २००५ मध्ये. दहा वर्षं! पण त्याच २००५ मध्ये लंडनच्या फसलेल्या स्फोटांतला एक संशयित रोममध्ये जुलैअखेर पकडला आणि सप्टेंबरमध्ये तो लंडनला परतही आला. मध्ये काय बदललं? २००४ पासून युरोपियन अटक वॉरंट लागू झालं. यात मंत्र्यांची सहीच काढून टाकली, एका देशाच्या न्यायाधीशाचं वॉरंट दुसऱ्या देशाचा न्यायाधीश थेट अमलात आणतो, मुदत साधारण ६० दिवस, आणि ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांसाठी "आमच्याकडे हा गुन्हा आहे का" हा प्रश्नच विचारायचा नाही.

याने राजकीय विरोधकांना उचललं जाईल, त्याचं काय?

ही भीती खोटी नाही. इंटरपोलच्या घटनेतलं कलम ३ सांगतं की राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कामात पडायचं नाही. तरीही काही सरकारं पत्रकार आणि विरोधकांवर फसवणुकीचे वगैरे आरोप लावून नोटीशी मागतात, असे आरोप सतत होतात. ज्याच्यावर नोटीस आहे त्याला इंटरपोलच्या तक्रार आयोगाकडे दाद मागता येते आणि नोटीशी रद्दही होतात, पण तोपर्यंत विमानतळावर अडकायचं ते त्या माणसानेच.

प्रत्यार्पणाच्या करारांतही राजकीय गुन्ह्याला सूट असते, पण मग राजकीय म्हणजे काय? भारत-बांगलादेशच्या २०१३ च्या करारात राजकीय गुन्ह्यासाठी नकार देता येतो, मात्र खुनासारखे गुन्हे राजकीय धरायचे नाहीत असंही लिहिलंय, आणि मागणी न्यायाच्या हेतूने प्रामाणिकपणे केलेली नसेल तरी नकार देता येतो असंही. भारतात आलेल्या माजी पंतप्रधान शेख हसीनांना परत द्या असं पत्र बांगलादेशने डिसेंबर २०२४ मध्ये पाठवलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांना फाशी सुनावली. करार उघडून वाचला तर दोन्ही बाजूंना आपल्या कामाचं वाक्य सापडतं. मोठ्या राजकीय प्रकरणात कराराचा कागद एवढाच उपयोगी पडतो, निर्णय वेगळ्याच टेबलावर होतो. पण म्हणून रोजच्या कामालाही करार निरुपयोगी असं समजू नका, चोरीची गाडी किंवा पळवलेलं मूल शोधायला कुणी पंतप्रधानांची परवानगी घेत नाही.

मग सीमा पूर्ण बंद केली तर हे लागणारच नाही ना?

कुंपण माणसाला अडवतं, फोनवरून बँक खातं रिकामं करणाऱ्याला नाही. आणि सीमा कडक असून सहकार्य नसेल तर काय होतं ते आपल्याच सीमेवर होऊन गेलंय. भारताच्या १११ वस्त्या चारी बाजूंनी बांगलादेशाने वेढलेल्या आणि बांगलादेशच्या ५१ वस्त्या तशाच भारतात. त्यांना छिटमहाल म्हणायचे. आपल्या पोलिसांना आपल्याच वस्तीत जायचं तर दुसऱ्या देशातून जावं लागणार, म्हणून कुणी जायचंच नाही. चोरी झाली, मारामारी झाली, तक्रार कुणाकडे करायची? म्यूज नदीकाठच्या त्या तुकड्यावर निदान कुणी राहत तरी नव्हतं, इथे हजारो माणसं दशकानुदशकं अशी राहिली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री या वस्त्यांची अदलाबदल झाली तेव्हा कुठे त्यांना पोलीस स्टेशन मिळालं.

सहकार्य होतं आणि मग तुटलं, असं उदाहरण ब्रिटनचं. युरोपियन युनियनमध्ये असताना ब्रिटिश पोलीस शेंगेनची सामायिक यादी वापरायचे, हवे असलेले गुन्हेगार, हरवलेली माणसं, चोरीच्या गाड्या सगळं एका ठिकाणी. ब्रिटिश हवालदाराने रस्त्यावर कुणाचं नाव टाकलं की ती यादीही आपोआप तपासली जायची. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री हे बंद झालं. आता ते इंटरपोलमार्फत माहिती देतात-घेतात. अडचण अशी की फ्रान्समधल्या पोलिसाने एखादं नाव शेंगेनच्या यादीत टाकलं की ते बाकी सगळ्या देशांना दिसतं, पण ब्रिटनलाही दिसायला हवं असेल तर तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच फोटो त्याने इंटरपोलच्या सिस्टीममध्ये पुन्हा टाकायचा. ड्युटी संपत आलेल्या माणसाने तेवढा कंटाळा केला की त्या रात्री ते नाव ब्रिटनच्या पोलिसांना दिसत नाही.